ॲनिमियातला अ आपलाच का?

प्रश्न असा आलाय की ॲनिमिया, ॲनेस्थेशिया, ॲप्निया, एसिम्प्टोमॅटिक, ॲनेरोबिक या सगळ्यांच्या सुरुवातीला जो अ किंवा अन् चिकटलाय तो आपल्या अज्ञान, अनावश्यक मधलाच का? आणि तसं असेल तर ॲनिमिया म्हणजे 'रक्त नाही' असं होतं, मग पेशंट जिवंत कसा? आणि जाता जाता, ॲनाटॉमीत पण तोच अन् आहे का?

पहिल्याचं उत्तर हो, तोच. पण ग्रीकांनी तो आपल्याकडून उचलला किंवा आपण त्यांच्याकडून घेतला असं काही नाहीये (दोन्ही थिअऱ्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात, दुर्लक्ष करा). संस्कृत आणि ग्रीक दोन्ही जिच्यातून निघाल्या असं मानतात त्या मूळ भाषेत नकाराचा एक न होता, स्वरासारखा उच्चारला जाणारा, त्याचा संस्कृतात आणि ग्रीकमध्ये अ झाला, लॅटिनमध्ये इन झाला आणि इंग्रजीत अन. म्हणजे इन्सोम्नियातला इन आणि अनहॅपीतला अन हे पण मुळात तेच.

खरी मजा नियमात आहे. पुढे व्यंजन असेल तर अ, स्वर असेल तर अन्. आपण अ-ज्ञान म्हणतो पण अन्-अंत, अन्-आवश्यक. ग्रीकमध्ये डिट्टो हेच, अ-सेप्टिक पण अन्-एरोबिक. पाणिनीनं यासाठी लागोपाठ दोन सूत्रं दिलीयेत, 'नलोपो नञः' आणि 'तस्मान्नुडचि'. पहिल्यात नकारातला न् उडवून टाकायचा की अ उरतो, दुसऱ्यात पुढे स्वर आला तर मध्ये न् आणून बसवायचा. त्याला ग्रीकशी काही देणंघेणं नव्हतं, तरी ॲनेस्थेशियाला सूत्रं जशीच्या तशी लागतात! आता कोणी म्हणेल की हिमोग्लोबिनमध्ये तर ह आहे आणि ह हे व्यंजन, मग अहिमिया का नाही झालं, तर ग्रीकमध्ये रक्ताला हाइमा म्हणतात आणि त्यातला ह म्हणजे स्वरावर सोडलेला नुसता श्वास, नियमाच्या दृष्टीनं तो शब्द स्वरानंच सुरू होतो, म्हणून अन्.

काही ठिकाणी तर अ च्या पुढचा धातूही जुळतो. आपलं अमृत आणि ग्रीकांचं ॲम्ब्रोझिया (त्यांच्या देवांचं अन्न), दोन्हीत तोच अ आणि तोच मरणारा मृ. अदम्य मधला दम् आणि हिऱ्याला ग्रीक ज्याला ॲडमास म्हणायचे त्यातला दम एकच, आणि डायमंड त्या ॲडमासवरूनच आलाय, त्यात अ हरवला हे वेगळं. न्यूरॉलॉजीतला ॲग्नोसिया तर सरळ अज्ञान, ज्ञा आणि ग्नो एकच, जो डायग्नोसिसमध्येही आहे. या आजाराचा एक प्रकार असा की डोळे ठणठणीत, किल्ली समोर धरली तर तिचा आकार, रंग सांगता येतो पण ही किल्ली आहे हे ओळखता येत नाही, हातात दिली की लगेच कळतं.

आणि मराठीत हा अन् फक्त पुस्तकी शब्दांत आहे असं समजू नका. फास्टिंग शुगरसाठी आपण सकाळी अनशापोटी लॅबमध्ये जातो ना, त्यातलं अनशा म्हणजे अन् अधिक अश् (खाणे), तोच अनशन मधला. अनवाणी मध्येही तोच, वहाण ज्या उपानह वरून आली त्याच्या आधी लागलेला.

आता 'रक्त नाही' ची भानगड. इथे आपण अ म्हणजे शून्य असं धरून चालतो तिथेच गोची होते. व्याकरणवाल्यांचा एक श्लोक आहे,

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता ।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः ॥

म्हणजे नकाराचे अर्थ सहा: त्याच्यासारखं असणं, अजिबात नसणं, त्याहून वेगळं असणं, थोडं असणं, चांगलं नसणं आणि उलट असणं. 'थोडं' याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे अनुदरा कन्या. शब्दशः पोट नसलेली मुलगी, पण अर्थ बारीक पोटाची. ॲनिमिया हा अस्सल अनुदरा-छाप शब्द आहे. रक्त आहे, कमी आहे. डब्ल्यूएचओच्या हिशेबात गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की ॲनिमिया. घरोघरी बायका 'अंगात रक्त कमी आहे' म्हणतात ते माझ्या मते ग्रीक शब्दापेक्षा जास्त नेमकं आहे.

याहून भारी उदाहरण किडनीवाल्यांचं. ॲन्युरिया म्हणजे लघवीच नाही, पण व्यवहारात चोवीस तासांत 100 मिलीच्या खाली झाली तरी ॲन्युरियाच लिहितात, आणि 400 च्या खाली असेल तर ऑलिगुरिया, जिथे ऑलिगो म्हणजे थोडं. म्हणजे 'थोडं' साठी वेगळा शब्द असूनही 'नाही' मध्ये थोडं शिल्लक ठेवलंय. ॲप्निया मात्र खऱ्या अभावाच्या अगदी जवळ, झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त जवळपास पूर्ण बंद पडला तरच तो धरतात, नुसता उथळ झाला तर स्लीप स्टडीच्या रिपोर्टात हायपोप्निया म्हणून वेगळा मोजतात. ॲऱ्हिदमिया श्लोकातल्या अप्राशस्त्यात जातो, हृदयाला ठेका असतो पण धड नसतो.

ॲनॉफिलिस डास पण याच यादीतला हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ओफेलोस म्हणजे उपयोग, अन् लावून निरुपयोगी. हे नाव जर्मन कीटकतज्ज्ञ मायगेन यानं 1818 मध्ये ठेवलं, आणि 1897 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादमध्ये याच डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. निरुपयोगी म्हणजे फारच सौम्य झालं!

कधी अ जागच्या जागी राहतो आणि बाकीचा शब्द सरकतो. ॲस्फिक्सिया म्हणजे गुदमरणं हे आपण पेपरात वाचतो, पण स्फिक्सिस म्हणजे नाडी, त्यामुळे शब्दशः अर्थ 'नाडी नाही'. बीपीच्या मशीनचं ते लांबलचक नाव, स्फिग्मोमॅनोमीटर, त्याच घराण्यातलं. आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं नायट्रोजनला ॲझोट म्हटलं, झोए म्हणजे जीव, नुसत्या त्या वायूत प्राणी जगत नाही म्हणून. प्रत्येक प्रोटीनमध्ये आणि डीएनएमध्ये नायट्रोजन असतो ते सोडा. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या नावातला सुरुवातीचा ॲझि त्याच ॲझोटचा, त्या रेणूच्या कड्यात नायट्रोजन घातलेला आहे.

राहिली ॲनाटॉमी. तिच्यात नकार नाही. तिथे ॲना आहे, म्हणजे वर, पुरतं, परत, आणि टोम म्हणजे कापणं, म्हणून पूर्ण चिरून बघणं. ॲटम मध्ये तेच टोम पण आधी नकाराचा अ, न कापता येणारा (1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यावर तेही गेलं). ॲनालिसिस, ॲन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगवटा), ॲनोड हे सगळे ॲनावाले. अस्थमाचा तर दोन्हींशी संबंध नाही, तो धाप लागणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला.

एक मात्र मधेच लटकलेला आहे, ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे इंजेक्शनची किंवा शेंगदाण्याची जीवघेणी रिॲक्शन. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे कुत्र्यांना समुद्री ॲनिमोनचं (फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी) विष अगदी कमी डोसमध्ये टोचत होता, त्यांच्यात प्रतिकार तयार होईल या आशेनं, आणि झालं उलटंच, काही आठवड्यांनी दुसरा तेवढासाच डोस दिला तर कुत्रा मेला. 1902 मध्ये त्यानं याला नाव दिलं. फायलॅक्सिस म्हणजे संरक्षण, प्रोफायलॅक्सिस (आजार होऊ नये म्हणून आधीच केलेला उपाय) मधलं, आणि त्याला म्हणायचं होतं संरक्षणाच्या उलट. म्हणजे रूप ॲनाचं, काम श्लोकातल्या सहाव्या अर्थाचं, विरोधाचं. तुमच्या यादीत हा कुठे टाकायचा ते तुम्हीच ठरवा, मी नकारवाल्यांत टाकतो.