वाचकांचे प्रश्न : दिवस वाढतील की घटतील?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. गुणाकार-भागाकार ती बिनचूक करते, पण शाब्दिक उदाहरण आले की अडखळते. ‘8 मजूर एक बांध 15 दिवसांत घालतात, तर 12 मजूर तोच बांध किती दिवसांत घालतील?’ याचे उत्तर तिने साडेबावीस दिवस काढले. तिला हे कसे समजावून द्यावे? (एक पालक, सातारा)

उत्तर : आपल्या मुलीने 15 ला 12 ने गुणून 8 ने भागले आहे. ही त्रैराशिकाची रीत तिला चांगली येते. वह्यांची संख्या आणि त्यांची किंमत असे उदाहरण असते, तर तिचे उत्तर बरोबरच आले असते. येथे मात्र मजूर वाढले की दिवस घटतात, म्हणजे प्रमाण व्यस्त आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक ओळखण्याची खूण नेमकी हीच सांगितली आहे : एक राशी वाढली असता दुसरी कमी होते, आणि कमी झाली असता वाढते. म्हणून वहीत पहिला आकडा मांडण्यापूर्वी ‘उत्तर 15 पेक्षा जास्त येईल की कमी?’ एवढेच तिला विचारावे आणि तिचे उत्तर समासात लिहून घ्यावे. ‘कमी’ असे लिहिलेले असताना साडेबावीस आले, तर चूक तिची तिलाच दिसेल.

त्यानंतर एकमान पद्धतीने जावे. सर्व मजूर सारख्याच गतीने काम करतात असे धरले, तर 8 मजुरांना 15 दिवस लागणारे काम एकट्या मजुराला 8 × 15 = 120 दिवस पुरेल, आणि तेच 12 जणांत वाटले की 120 ÷ 12 = 10 दिवस होतात. मधली 120 ही पायरी मुले वेळ वाचवण्यासाठी गाळतात, पण माझ्या मते सगळे उदाहरण तिच्यातच आहे, कारण मजूर कितीही असोत, बांधाचे एकूण काम बदलत नाही.

हे तिला उमगले की नाही ते पाहण्यासाठी थोडे अवघड उदाहरण द्यावे. तेच 8 मजूर कामाला लागले आणि 6 दिवसांनंतर आणखी 4 मजूर आले, तर बांध एकूण किती दिवसांत पुरा होईल? पहिल्या 6 दिवसांत 8 × 6 = 48 इतके काम झाले, 120 – 48 = 72 उरले, आणि ते 12 मजुरांनी 72 ÷ 12 = 6 दिवसांत संपवले. बरीच मुले येथे 6 हेच उत्तर लिहून मोकळी होतात; विचारलेले आहेत ते एकूण दिवस, म्हणजे 6 + 6 = 12. प्रश्नाचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचूनच उत्तर लिहिण्याची सवय लावावी.

प्रश्न : शेकडा 10 सूट देऊन वस्तू 540 रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? मुलगा 594 म्हणतो, पुस्तकात 600 आहे.

उत्तर : पुस्तकातील उत्तर बरोबर आहे. आपल्या मुलाने 540 चे शेकडा 10, म्हणजे 54 रुपये, मिळवले. परंतु सूट नेहमी छापील किमतीवर देतात, विक्री किमतीवर नव्हे. छापील किंमत 100 रुपये असती तर विक्री 90 रुपयांना झाली असती, म्हणून 540 × 100 ÷ 90 = 600. त्याच्याकडून दोन्ही उत्तरांचा पडताळा करून घ्यावा : 600 चे शेकडा 10 म्हणजे 60 वजा केले की 540 उरतात, तर 594 मधून 59.40 गेल्यावर 534.60 रुपयेच राहतात.