हप्ते थकले म्हणजे घर गेले का?

नोव्हेंबर 2020 मध्ये पिंपरीकडच्या एक ताई पतीसह माझ्याकडे आल्या. पिशवीतून घडी घातलेले पत्र काढून त्यांनी विचारले, “मॅडम, आठ दिवसांत घराला कुलूप लागेल का हो?” वसुलीसाठी फोन करणाऱ्याने तसे बजावले होते. टाळेबंदीत पतीचा पगार निम्म्यावर आला होता. मार्च ते ऑगस्ट त्यांनी गृहकर्जाचे हप्ते स्थगित ठेवले होते आणि त्यानंतरचे दोन हप्ते थकले होते.

ते पत्र म्हणजे थकबाकीचे साधे स्मरणपत्र होते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक (बुडीत जाण्याची भीती असलेले, म्हणजे एनपीए) ठरल्यावरच सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस देता येते, तिच्यावर कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ताब्याची कारवाई झालीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शिवाय 31 ऑगस्टपर्यंत अनुत्पादक नसलेली खाती तूर्त तशी ठरवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 3 सप्टेंबरचा अंतरिम आदेश होताच. हे ऐकून ताईंनी पहिल्यांदा पाण्याचा पेला उचलला.

पुढचे सांगणे मात्र मला जड गेले. खात्यात सरकारकडून सुमारे 1,600 रुपये जमा झाले होते आणि सहा महिन्यांचे व्याज माफ झाले, असे दोघांनी धरले होते. प्रत्यक्षात तो केवळ चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक होता. 24 लाखांच्या कर्जावर 8 टक्क्यांनी सुमारे 96,000 रुपये व्याज चढलेलेच होते. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे त्यांना कोणीच समजावले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या 6 ऑगस्टच्या परिपत्रकानुसार महामारीची झळ बसलेल्या कर्जदाराला कर्जाची फेररचना, म्हणजे मुदत किंवा हप्ता बदलून परतफेड सोपी करणे, मागता येत होती. त्याची मुदत 31 डिसेंबर होती आणि 1 मार्चला खाते नियमित असण्याची अट त्यांचे खाते पूर्ण करत होते. आम्ही तिथेच अर्ज लिहिला, पगारपत्रके जोडली. शाखेत तोंडी बोलणे झाले तरी अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्याच, असे मी निक्षून सांगितले. फेररचनेची नोंद पतअहवालात (कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात) दिसते, हेही सांगितले.

जानेवारीत कर्जाची मुदत दोन वर्षांनी वाढून हप्ता कमी झाला. हप्त्याची तारीखही 5 वरून 10 करून घेतली, कारण पगार 7 तारखेला होत असे आणि हप्ता परत गेल्याचा दंड उगाच बसत होता.