जुन्या ओम्नीच्या छताच्या पन्हळीतून पाणी आत येतं, सिलिकॉन भरूनही थांबत नाही. काय करावं?

तुमची ओम्नी 1998 ची, गाडी म्हापशात असते, पावसात ड्रायव्हरच्या डोक्याशी ठिबकतं आणि पन्हळीत दोनदा सिलिकॉन भरून झालंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते सिलिकॉन काढा. सगळं. त्यावर तिसरा थर देऊ नका.

आमची ओम्नी वाळपईला होती, आणि वाळपईचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. एका गॅरेजात बाथरूमला लावतात तसलं सिलिकॉन भरून दिलं. एक पावसाळा कोरडा गेला. पुढच्या चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घेऊन येताना आईच्या खांद्यावर धार लागली. उचकटून बघितलं तर खालचा पत्रा पापडासारखा सुटून हातात आला. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते ॲसिड असतं. उघड्या लोखंडाला त्यानेच गंज धरतो. शिवाय सिलिकॉनवर ना रंग बसतो, ना दुसरा सीलर (सांधा बुजवायचा लगदा).

छताचा आणि बाजूचा पत्रा या पन्हळीतच एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले असतात. वेल्डिंगचे ठिपके अंतराअंतरावर असतात, म्हणून पाणी अडवायचं काम कंपनीत भरलेला सीलरच करतो. तो वर्षांनी कडक होतो, गाडी हादरून त्याला केसाएवढी चीर पडते आणि तेवढीही पाणी ओढून घ्यायला पुरते. आत गेलेलं पाणी छताच्या आतल्या अस्तरावरून वाहत भलतीकडेच टपकतं.

त्यामुळे गळती नक्की कुठून आहे ते शोधा. अस्तर त्या बाजूने सोडवा, एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बारीक धारेने खालून वर पाणी सोडत या. पहिल्यांदा काचेचं रबर, पाच मिनिटं थांबून मग पन्हळ. उलटं केलंत तर वरचं पाणी रबरावर उतरतं आणि काही कळत नाही. काचेचं रबर गळत असेल तर पन्हळीचं काम फुकट जाईल.

खरी मेहनत साफसफाईत आहे, आणि तीच कोणी करायला मागत नाही. जुना सीलर हेअर ड्रायरने गरम करून पट्टीने खरवडा. ग्राइंडर नको, पत्रा पातळ होतो. मग वायर ब्रश, पॉलिश पेपर, शेवटी थिनरचा फडका. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबत जा. जिथे आत जाईल तिथे पत्रा संपलाय. तिथे लांबी (पुट्टी) किंवा एमसील भरू नका. लांबी पाणी शोषते, एमसील हादऱ्यांनी तडकतं. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा लावून घ्या. वेल्डिंग थोडं थोडं करायला सांगा, सलग तापवलं तर छत वाकतं. त्याआधी अस्तर पूर्ण काढा आणि बॅटरीची तार सोडा.

उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंज मारायचं औषध), धुऊन पूर्ण सुकवणं, मग इपॉक्सी प्रायमर. आपल्या दमट हवेत वरून कोरडं दिसलं तरी जोडात पाणी असतं, म्हणून दोन दिवस कडक ऊन द्या. हे काम एप्रिल-मेमध्येच, मिरगाच्या आधी.

सीलर पॉलियुरेथेनचा, गाडीच्या बॉडीसाठीचा घ्या. जोडावर बारीक रेघ ओढून हातमोजा घातलेल्या बोटाने दाबून बसवा, तीन-चार मिलिमीटर पुरे. पन्हळ काठोकाठ भरू नका! पाणी वाहून न्यायलाच ती आहे. भरलीत तर तेच पाणी दार उघडताना अंगावर येईल. पुढची-मागची टोकं मोकळी ठेवा. वरून रंग ट्यूबवर लिहिलेल्या वेळेनंतरच मारा.

छतावर कॅरियर असेल तर त्याचे क्लॅम्प पन्हळीलाच धरतात. आमची पहिली चीर तिथेच सापडली होती. क्लॅम्पखाली रबराचे तुकडे घाला, आणि गाडी आंब्याखाली लावत असाल तर पावसाळ्यात दर आठवड्याला पन्हळीतली पानं काढा. ती कुजून चिखल होतो आणि टोकं बुजतात.