प्रयोगशाळा आहे, मग नवी प्रोसेस का निघत नाही?

प्रश्न : चिंचोली एमआयडीसीत औषधांची इंटरमिजिएट्स (औषध तयार होण्याआधीच्या टप्प्यातली रसायने) बनवण्याचा आमचा लहान कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा उभी केली, तीन एम.एस्सी. केमिस्ट घेतले. फ्लास्कमध्ये यील्ड (हाती येणाऱ्या मालाचे प्रमाण) चांगली येते, प्लांटमध्ये घसरते. नवी प्रोसेस एकही उतरली नाही. पेटंटमागे बोनस ठेवावा का?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : बोनसने अर्ज वाढतील, प्लांटमध्ये चालणारी प्रोसेस वाढेलच असे नाही. तुमच्या वर्णनावरून केमिस्टच्या हुशारीत खोट दिसत नाही. प्लांटचे दुखणे त्यांच्या टेबलापर्यंत पोचत नाही, असे दिसते.

उष्णता सोडणारी रिॲक्शन घ्या. 1 लिटरच्या फ्लास्कवरून त्याच घडणीच्या 1000 लिटरच्या रिॲक्टरवर गेलात, की माल 1000 पट होतो, पण थंड करणारा पृष्ठभाग 100 पटच वाढतो. दर लिटरमागे तो एक दशांश उरला. म्हणून फ्लास्कमध्ये 20 मिनिटांत होणारे ॲडिशन (रिएजंट, म्हणजे रिॲक्शन घडवणारे रसायन, थोडेथोडे घालणे) प्लांटमध्ये 5-6 तास चालवावे लागते. तेवढा वेळ तयार झालेला माल रिएजंटच्या संगतीत पडून राहतो आणि इम्प्युरिटी (नको असलेले पदार्थ) वाढते. तेव्हा फ्लास्कमध्येही मुद्दाम 6 तास ॲडिशन करायला सांगा. सॉल्व्हंटही (विरघळवणारा द्रव) नव्या बाटलीतला नको, प्लांटमधला रिकव्हर केलेलाच द्या आणि त्यातले पाणी कार्ल फिशर यंत्रावर मोजा. बऱ्याचदा घोळ इथेच निघतो.

मग हिशेब मांडा. 100 किलो अपेक्षित असताना 72 हाती आले, तर 28 गेले कुठे? मदर लिकर (स्फटिक गाळून घेतल्यावर उरलेला द्राव), धुण्याचे पाणी आणि तळाचा गाळ, तिन्हींचे वजन करून एचपीएलसी (मिश्रणात कोणता पदार्थ किती ते मोजणारी चाचणी) लावा. मदर लिकरमध्येच 15 किलो सापडले, तर रिॲक्शनला हात न लावता क्रिस्टलायझेशनचे तापमान आणि सॉल्व्हंटचे प्रमाण बदलून पाहा. तिन्हीकडे मिळून जेमतेम 8 सापडले, तर बाकीचा माल भलतेच काहीतरी झाला आहे. तिथे रूट (माल बनवण्याचा रासायनिक मार्ग) बदलण्याचाच विचार करावा लागेल.

हे प्रश्न संशोधनापेक्षा हलके समजू नका. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये टेबलावर अमोनिया करून दाखवला, पण तो कारखान्यात उतरवताना बीएएसएफ या जर्मन कंपनीत कार्ल बॉश यांच्यापुढे नळ्या फुटण्याचे संकट होते : हायड्रोजन पोलादातला कार्बन खात होता. आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले, तेव्हा मार्ग निघाला. जर्मनीतला ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला 1913 मध्ये.

बोनस द्यायचाच असेल तर प्लांटमध्ये सलग उतरलेल्या बॅचवर द्या आणि त्यात ऑपरेटरचाही वाटा ठेवा. पहिल्या तीन बॅचना केमिस्ट रात्रपाळीसकट हजर हवा. ‘फेस आला’, ‘फिल्टर अडला’ असे बॅच शीटवर लिहिणाऱ्याला बोलणी बसत असतील, तर पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही.

प्रश्न : टॉवेलच्या डाइंगमध्ये पाणी वाचवणारी नवी पद्धत बसवली आहे. पेटंट घ्यावे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आधी स्वतःला विचारा : विकलेला टॉवेल पाहून पद्धत ओळखता येते का? येत नसेल, तर गुपित राखणेच बरे. पेटंटमध्ये कृती जाहीर होते आणि नक्कल सिद्ध करणे जड जाते. पेटंट घ्यायचे ठरलेच, तर प्रदर्शनात किंवा गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.