ड्रायव्हर बसलाय पण वाय-फाय नाही? ती निळी स्क्रीन आठवा

निपाणीहून लिहिलेली तुमची पोस्ट काल रात्री वाचली. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) घातलं, वाय-फायचं कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर घातला, शेवटी 'स्थापना पूर्ण' आलं. रीस्टार्ट केल्यावर मात्र वाय-फायच्या यादीत एकही नाव नाही. तीनदा काढून तीनदा घातला. आता कुणी म्हणतंय कर्नल (लिनक्सचा गाभा) बदला, कुणी म्हणतंय कार्ड गेलंय. आणि तुम्ही शेवटी कंसात सहज टाकलंय, 'मध्ये एकदा निळी स्क्रीन आली होती, एंटर दाबून पुढे गेलो.'

कर्नल आणि कार्ड आता बाजूला ठेवा. तुमचं सगळं दुखणं त्या कंसात आहे. मी हेच केलं होतं आणि मला ते फार महाग पडलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. बी. कॉम. आहे, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. तुमचं मशीन माझ्यापुढे नाही, तेव्हा काही टाकण्याआधी फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. लॅपटॉप कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून लिहितोय म्हणून आज्ञा देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच द्यायच्या. टर्मिनल कसं उघडायचं वगैरे सांगत बसत नाही, तीनदा ड्रायव्हर काढून घालणाऱ्याला ते येतंच.

'बसला' आणि 'चालू झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच सगळे फसतात. ड्रायव्हर तयार झाला का ते सांगणारी डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा दिली की समोर 'इन्स्टॉल्ड' दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. त्याचा अर्थ एवढाच, की मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये शिरणारा तुकडा, तुमच्या कर्नलसाठी तयार होऊन डिस्कवर जागेवर ठेवलंय. कर्नलनं ते आत घेतलं की नाही, हा वेगळा प्रश्न. आमच्या दुकानात रोज हेच चालतं. वारसा नोंदीच्या अर्जाची पोच हातात पडली की म्हातारे खूश होतात, पण पोच मिळाली म्हणजे उताऱ्यावर नाव चढलं असं होत नाही. तुमच्याकडे फक्त पोच आहे.

नाव का चढलं नाही हे बघायचं असेल तर मॉड्यूल कर्नलमध्ये घालायला लावणारी सुडो मोडप्रोब डब्ल्यूएल अशी आज्ञा द्या. ब्रॉडकॉमच्या या ड्रायव्हरच्या मॉड्यूलचं नाव नुसतं डब्ल्यूएल आहे, पुढेमागे काही नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं तर रोग सापडला. जुन्या कर्नलवर हाच निरोप 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' असा येतो. मग सिक्योर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारं लॅपटॉपचं कुलूप, चालू आहे का ते बघायला मोकयूटिल, पुढे दोन रेघा देऊन एसबी-स्टेट. 'सिक्योरबूट एनेबल्ड' आलं की खात्रीच.

सिक्योर बूट चालू असलं की मिंट-उबुंटूचं कर्नल ओळखीच्या सहीशिवायचं मॉड्यूल दारातच अडवतं. मिंटसोबत आलेली मॉड्यूल्स सही होऊनच येतात. पण हा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो, म्हणून त्याची सहीही तुमच्याच मशीनवर बनवलेल्या किल्लीनं होते. ती किल्ली लॅपटॉप ओळखत नाही. ओळख करून देण्यासाठी ड्रायव्हर घालताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला लिनक्स सुरू व्हायच्या आधी ती निळी स्क्रीन येते. समोर कीबोर्डपाशी बसलेल्या माणसानं तो पासवर्ड स्वतः टाकावा, एवढ्यासाठीच ती येते.

आणि येते ती 10 सेकंदांपुरती. 'कुठलंही बटण दाबा' म्हणून उलटी मोजणी चालू होते. दाबलं नाही तर गेली. दाबलं तर यादी येते आणि त्यात सगळ्यात वर 'कंटिन्यू बूट' असतं. म्हणजे घाबरून एंटर मारणारा माणूस बरोब्बर चुकीच्या दारातून बाहेर पडतो. अर्ज तिथंच रद्द. पुढच्या वेळी ती आपणहून विचारत नाही, कुठे नोंद दाखवत नाही, काही नाही. ज्यानं कुणी ही यादी केली त्याला एकदा आमच्या गावात जुलैमध्ये लाइट जायच्या भीतीनं लॅपटॉप सुरू करायला लावला पाहिजे.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा स्क्रीन आली तेव्हा मला वाटलं व्हायरस. एंटर. दुसऱ्यांदा ड्रायव्हर घातला, रीस्टार्ट दिला आणि चहा ठेवायला आत गेलो, परत आलो तर डेस्कटॉप समोर. म्हणजे ती येऊन गेल्याचंही मला कळलं नाही. मग दोन आठवडे मी इंटरनेटवर दिसेल ते करत सुटलो. बी43 या दुसऱ्याच ड्रायव्हरचा फर्मवेअर घातला, तो या कार्डाला चालतच नाही. कुठूनतरी ड्रायव्हरचा सोर्स कोड उतरवून तो हातानं तयार करून घातला, म्हणजे मेक इन्स्टॉल केलं.

आमच्याकडे वाय-फायवाचून भागत नाही, कारण रेंज फक्त मागच्या खिडकीत आहे. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि पुढे दुकानात लॅपटॉपवर काम करायचं. पावसात पिशवीला दोन गाठी. वाय-फाय नाही म्हणजे लॅपटॉप उचलून खिडकीपाशी, अन् गिऱ्हाईक माझ्या मागं स्वयंपाकघरात.

शेवटी लॅपटॉप घेऊन दोन बस बदलून बेळगावला एका सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव घेत नाही. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं लॅपटॉप उघडूनसुद्धा न बघता 'नाळे बर्री' (उद्या या) म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी बघून सांगितलं, कार्ड गेलंय, नवीन घालावं लागेल. मी म्हटलं, आधी तपासा तरी. 'तपासतो की, सोडून जावा.' पुढ्यात एक छापील कागद सरकवला, मी सही केली. दिवसाला दहा जणांना 'वाचून सही करा' म्हणून सांगणारा मी, आणि मीच वाचलं नाही. चार दिवसांनी गेलो तर लॅपटॉपवर कोरं विंडोज, वाय-फाय झकास चालू. म्हणजे कार्डाला काहीच झालं नव्हतं! मी विचारलं, माझ्या फाइली? त्यानं माझाच कागद दाखवला, डेटाची जबाबदारी आमची नाही. वर तपासणीचे पैसे घेतले आणि शहाणपण शिकवलं, 'लिनक्स घातल्यावर असंच होतंय बघा.'

त्या डिस्कवर गावातल्या लोकांचे जुने उतारे होते. आमचा भाग 1956 च्या नोव्हेंबरापर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळचे कागद मराठीत, काही मोडीत, आणि आताची पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये. दोन्ही जुळवून दाखवायचं काम कायम निघतं, म्हणून जो कागद घेऊन येईल त्याचा स्कॅन करून ठेवायची मला सवय. वर्षभराचं काम होतं. बरेचसे परत मागून घेतले. पण दोन घरांत मधल्या काळात मूळ कागदच पावसात भिजून लगदा झाले होते. त्यातली एक म्हातारी मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती ही चूक माझीच, त्यात वाद नाही.

घरी येऊन परत मिंट घातलं, आणि परत तेच. त्या रात्री लाइट नव्हती, बॅटरीवर बसून पहिल्यांदा कर्नलचे निरोप दाखवणारी डीमेसेजची (डी-एम-ई-एस-जी) आज्ञा दिली आणि ओळ न् ओळ वाचली. त्यात सरळ लिहिलं होतं की ओळखीच्या किल्लीची सही नसलेलं मॉड्यूल नाकारलंय. पहिल्या दिवसापासून कर्नल बिचारं हेच सांगत होतं.

आता तुम्ही काय करायचं ते. हातानं मेक इन्स्टॉल वगैरे केलं असेल तर ते आधी काढा, ड्रायव्हर मॅनेजरवाला एकच ठेवा. एलएसपीसीआयला दोन एन जोडून कार्डाचा नंबर बघा. 14ई4:4365 असेल तर ते बीसीएम43142, माझंच कार्ड. सुरुवात 10ईसीनं होत असेल तर ते रियलटेक आहे, मग माझं उत्तर सोडा आणि नवा प्रश्न टाका.

नंतर किल्लीचा अर्ज परत द्यायचा. सुडो मोकयूटिल, दोन रेघा इम्पोर्ट, आणि पुढे किल्लीच्या फाइलचा पत्ता. मिंट-उबुंटूवर ती व्हारच्या आत लिब, त्याच्या आत शिम-साइन्ड, त्याच्या आत मोक या फोल्डरात असते. फाइलचं नाव मोक डॉट डीईआर, यातलं मोक मात्र मोठ्या अक्षरांत. दोनदा पासवर्ड विचारेल. आठ-दहा साधी अक्षरं-आकडे ठेवा. चिन्हं नकोत, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. कागदावर लिहून ठेवा. चार्जर लावा. रीस्टार्ट द्या आणि जागचे हलू नका.

स्क्रीन आली की लगेच कुठलंही बटण, मग बाणानं खाली येऊन 'एनरोल मोक' (मोक म्हणजे हीच तुमच्या मशीनवरची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. या दुसऱ्या पडद्यावरचं 'कंटिन्यू' बरोबर आहे, पहिल्यावरचं 'कंटिन्यू बूट' नाही. पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, म्हणून बटण चालत नाही असं समजू नका.

सिक्योर बूट सरळ बंद करा, दोन मिनिटांत काम होईल, असं तुम्हाला खाली बरेच जण सांगतील. होतं काम, खोटं नाही. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते पुढच्या वेळी 48 आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे लिहिलीय हे हजारात एकालाही ठाऊक नसतं. एक मिनिट पडद्यापुढे बसायचा कंटाळा म्हणून कुलूपच काढून टाकायचं हे मला पटत नाही. तुमची मर्जी.

इंटरनेटशिवाय पॅकेज कसं आणायचं असंही विचारलंय. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही. दुकानात मिळणारा वाय-फायचा डोंगल घेऊ नका. 'लिनक्सला चालतंय की' म्हणून देतात, खोक्यात ड्रायव्हरची सीडी निघते, लॅपटॉपला सीडीची खाच नाही. माझा अजून खणात पडलाय.

अजून एक. सगळं बरोबर होऊनही तुमच्याच फोनचा हॉटस्पॉट दिसला नाही तर घाबरू नका. हे कार्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं आहे, फोन 5 वर असेल तर त्याला तो दिसणारच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये बदला. यात माझे दोन तास गेले होते आणि मी परत निळ्या स्क्रीनला शिव्या घालत होतो.

कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार होतो, त्याच किल्लीनं सही होते, निळी स्क्रीन परत लागत नाही. फक्त त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइली) मशीनवर हवेत. एखाद्या अपडेटनंतर वाय-फाय गेलंच तर सुरुवातीच्या ग्रबच्या (कुठलं कर्नल सुरू करायचं ते विचारणाऱ्या) यादीतून जुन्या कर्नलनं सुरू करा आणि निवांत बघा. म्हणून निदान एक जुनं कर्नल काढू नका.

झालं तरी आणि नाही झालं तरी मोडप्रोबचं उत्तर आणि डीमेसेजच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. फोटो काढलात तरी चालेल, पण सरळ काढा, मागच्या एकानं तिरका काढला होता, मान मोडून वाचला. आज आमच्याकडे दुपारपासून लाइट नाही, रात्री फोन खिडकीतून उतरवला की बघतो.