ध्यान करू लागल्यावर रक्तदाबाची गोळी बंद करावी का?

प्रश्न : माझे वय 46 आहे. वडिलांना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला होता. माझा रक्तदाब 150/94 निघाल्यामुळे डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. परंतु रोज ध्यान केल्यास गोळीची गरज उरत नाही, असे एक स्नेही सांगतात. ध्यानाने हृदयविकार टळतो का?

उत्तर : गोळी मनाने बंद करू नका, हे कळकळीने सांगते. ध्यान मात्र अवश्य सुरू करा.

मनावर ताण आला की ॲड्रेनलीन हे संप्रेरक स्रवते, नाडी जलद चालते आणि रक्तदाब चढतो. घटकाभराचा असा ताण शरीर सहज सोसते, पण तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर रोहिण्यांना त्याची झळ लागतेच. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 293 जणांच्या अभ्यासात, मेंदूतील भीती व ताणाशी निगडित असा अमिग्डला हा भाग ज्यांच्यात अधिक सक्रिय होता, त्यांच्या रोहिण्यांमध्ये दाह अधिक आढळला आणि पुढे हृदयविकाराचे प्रमाणही अधिक दिसले.

ध्यानात श्वास संथ होतो, तेव्हा व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाची गती आवरते. मनगटावरच्या नाडीवर बोटे ठेवून सावकाश श्वास सोडून पाहा. ठोके किंचित लांबल्याचे अनेकांना बोटांखाली जाणवते. तरीही त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने उपलब्ध संशोधन तपासून, ध्यानाचा लाभ संभवतो, पण तो नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून, असाच निर्वाळा दिला, आणि मला तो रास्त वाटतो. धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांकडे दुर्लक्ष करून केलेले ध्यान आपल्याला वाचवू शकणार नाही.

सुरुवातीला रोज दहा मिनिटे पुरेत. मन भरकटले तर स्वतःवर न चिडता ते पुन्हा श्वासाकडे आणावे. हे वारंवार परत आणणे हाच अभ्यास आहे. रक्तदाब मात्र ध्यानातून उठल्याउठल्या मोजू नका, कारण तेव्हाचा आकडा कमी येऊ शकतो आणि त्यावरून गोळी सोडण्याचा मोह होतो. रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून मोजा, वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि छातीत दुखू लागले, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर ध्यानाला न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.