खारी, चित्ते की बिबटे? बेनिनच्या फुटबॉल संघाला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा आहे: बेनिनच्या पुरुष फुटबॉल संघाबद्दल मराठीत वाचताना २०१९ च्या एका बातमीत 'खारी', अलीकडच्या मजकुरात 'चित्ते' आणि आणखी एका ठिकाणी 'बिबटे' असे तीन शब्द सापडले. ही एकाच नावाची तीन भाषांतरं आहेत, की कुठेतरी गफलत आहे? शिवाय पहिल्या बातमीत 'खारींनी मोरोक्कोला हरवलं' असं होतं, तर त्याच स्पर्धेबद्दल दुसरीकडे 'एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीत' असं. दोन्ही खरं कसं?

आधी उत्तर देतो, पाल्हाळ मागाहून. 'खारी' बरोबर, 'चित्ते'ही बरोबर, पण दोन वेगवेगळ्या काळांसाठी. २०२२ मध्ये संघाने टोपणनाव बदललं. 'बिबटे' मात्र साफ चूक. आणि मोरोक्कोची गोष्ट 'हरवलं' या क्रियापदात अडकली आहे, तिच्याकडे येतोच.

बेनिन म्हणजे टोगो आणि नायजेरिया यांच्यामधली उभी पट्टी, आकाराने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा मोठी. १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला तेव्हा देशाचं नाव दाहोमे होतं. ते दक्षिणेतल्या 'फोन' नावाच्या लोकसमूहाच्या जुन्या राज्याचं नाव. उत्तरेकडच्यांना ते आपलं वाटण्याचं कारण नव्हतं. १९७५ मध्ये मात्यू केरेकू यांच्या राजवटीने किनाऱ्याला लागून असलेल्या बेनिनच्या उपसागराचं नाव देशाला दिलं. म्हणजे हा संघ मुळात नावं बदलणाऱ्या देशाचाच. (जाता जाता: बेनिन सिटी हे शहर आणि तिथली प्रसिद्ध धातुशिल्पं शेजारच्या नायजेरियातली. या देशाची राजधानी पोर्तो-नोव्हो, आणि सगळ्यात मोठं शहर कोतोनू. क्रीडापानांवर ही सरमिसळ झालेली दिसते, म्हणून सांगितलं.)

संघाचं जुनं फ्रेंच टोपणनाव 'एक्युरय', म्हणजे खारी. आजूबाजूला पाहा: नायजेरियाचे गरुड, टोगोचे ससाणे, आयव्हरी कोस्टचे हत्ती, कॅमेरून आणि सेनेगलचे सिंह. त्यांच्या मधोमध खार. फ्रेंचमध्ये हा शब्द पुल्लिंगी आहे, त्यामुळे वाक्यात काही खटकत नाही. मराठीत खार स्त्रीलिंगी, आणि आपल्याकडे क्रियापद लिंग लपवू देत नाही. 'खारी उपांत्यपूर्व फेरीत पोहोचल्या' असं लिहिलं की निम्म्या वाचकांना ही महिला संघाची बातमी वाटणार. उरलेल्या निम्म्यांना चहाबरोबरची खारी आठवणार, कारण अनेकवचनात दोन्ही शब्द अक्षरशः एक होतात. 'खारींनी' या रूपात निदान बिस्किटाची शंका कमी होते, म्हणून जुन्या बातमीदाराने कर्त्याला 'नी' लावून 'हरवलं' असं भावे प्रयोगाचं क्रियापद वापरलं असावं. त्यात लिंगाचा प्रश्नच मिटतो. मुद्दाम केलं असेल तर दाद द्यायला हवी.

यावर कुणी 'शेकरू' सुचवेल. नपुंसकलिंगी आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, 'शेकरं जिंकली' म्हटलं की ऐकायलाही गोड. पण शेकरू ही भारतातलीच मोठी खार, आफ्रिकेत ती नाही. कोकणातली 'चानी' पुन्हा स्त्रीलिंगीच. तेव्हा जुन्या सामन्यांबद्दल लिहिताना 'खारी' हाच शब्द ठेवावा, आणि पहिल्या उल्लेखात 'खारी या टोपणनावाने ओळखला जाणारा संघ' असं सांगून पुढे 'संघ' कर्ता करावा. 'खारीचा वाटा' हा वाक्प्रचार मात्र मथळ्यात घालायचा मोह आवरावा. आपल्याकडे त्यात सेतू बांधणाऱ्या खारीचा छोटा पण मनापासून केलेला प्रयत्न आहे. ती मोठ्यांच्या कामात मदत करते. या खारी मोठ्यांच्या विरुद्ध खेळत होत्या.

आणि बहुतेक वेळा हरतही होत्या. आफ्रिका चषकाच्या मुख्य फेरीत बेनिन पहिल्यांदा २००४ मध्ये ट्युनिशियात खेळला: दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, नायजेरिया, तिन्ही सामन्यांत पराभव. २००८ मध्ये घानात पुन्हा तीन पराभव. २०१० मध्ये अंगोलात मोझांबिकशी २-२ अशी बरोबरी, हा मुख्य फेरीतला पहिला गुण. बाकी दोन्ही सामने गमावले. मग नऊ वर्षं मुख्य फेरीत प्रवेशच नाही.

२०१९ ची इजिप्तमधली स्पर्धा हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा. त्या वर्षी पहिल्यांदा २४ संघ होते, आणि म्हणून सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या चार चांगल्या संघांनाही पुढे जायला मिळणार होतं. बेनिनने घानाशी २-२ (दोन्ही गोल मिकाएल पोतेचे), गिनी-बिसाऊशी ०-० आणि गतविजेत्या कॅमेरूनशी ०-० अशा तीन बरोबऱ्या केल्या. तीन सामने, तीन गुण, तिसरा क्रमांक, आणि पुढची फेरी. तिथे समोर मोरोक्को, म्हणजे 'ॲटलासचे सिंह', गटातले तिन्ही सामने जिंकून आलेले. मोईझ आदिलेऊने उत्तरार्धात बेनिनला आघाडी मिळवून दिली, एन-नेसिरीने बरोबरी साधली. निर्धारित वेळ संपल्यावरच्या भरपाईच्या मिनिटांत मोरोक्कोला पेनल्टी मिळाली आणि हकीम झियेशचा फटका खांबाला लागला. जादा वेळेत खालेद आदेनॉनला लाल कार्ड, बेनिनचे दहाच खेळाडू उरले, तरी त्यांनी १-१ टिकवलं. पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-१.

आता शब्दाकडे. फुटबॉलच्या नोंदवहीत शूटआऊटला गेलेला सामना 'बरोबरी' म्हणूनच लिहिला जातो. शूटआऊट हा पुढे कोण जाणार ते ठरवण्याचा मार्ग. त्यामुळे नोंदवहीप्रमाणे बेनिनने तो सामना जिंकला नाही, आणि मिशेल द्युसुये यांच्या प्रशिक्षणाखालचा, स्तेफान सेसेन्यों कर्णधार असलेला हा संघ एकही सामना न जिंकता शेवटच्या आठांत पोहोचला. तिथे सेनेगलने ०-१ असं घरी पाठवलं. म्हणजे तुम्ही वाचलेली दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी. पण मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन शब्द वापरता येतात, आणि वापरावेत. 'हरवलं', 'नमवलं', 'पराभव केला' ही क्रियापदं नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांत लागलेल्या निकालासाठी राखून ठेवावीत. शूटआऊटसाठी 'सरशी' हा शब्द चपखल बसतो: 'पेनल्टी शूटआऊटमध्ये बेनिनची मोरोक्कोवर सरशी'. सरशीत वरचढ ठरल्याचा भाव आहे, विजयाचा शिक्का नाही. काही जण 'बाजी मारली' म्हणतात, तेही चालेल. 'मात केली' मला इथे जड वाटतं.

टोपणनाव बदललं ते या पराक्रमानंतर तीन वर्षांनी. खार हा फार छोटा, निरुपद्रवी प्राणी आहे, सिंह-हत्तींच्या पंगतीत तो शोभत नाही, ही कुरकुर जुनीच होती. (माझं मत विचाराल तर सिंहांवर सरशी मिळवल्यानंतर खार बदलायला नको होती. त्या नावाला खरा अर्थ तेव्हाच तर आला होता.) नवं नाव 'गेपार', म्हणजे चित्ते. निवड मनाला येईल तशी केलेली नाही. बेनिनच्या उत्तरेला पेंजारी आणि डब्ल्यू या नावांची राष्ट्रीय उद्यानं आहेत. शेजारच्या बुर्किना फासो आणि नायजरमधल्या जंगलांना ती जोडलेली आहेत, आणि पश्चिम आफ्रिकेत उरलेल्या मोजक्या चित्त्यांचा तिथे आसरा आहे.

'बिबटे' हा शब्द कुठून आला असेल, याचा अंदाज फ्रेंच शब्दाच्या पोटात सापडतो. 'गेपार' हा इटालियन 'गातोपार्दो'वरून आला. 'गातो' म्हणजे मांजर, 'पार्दो' म्हणजे बिबट्या. शब्द फोडून भाषांतर करणाऱ्याच्या हाती बिबट्या लागतो, पण शब्दाने दाखवलेला प्राणी चित्ताच. आपल्याकडेही गोंधळाला आमंत्रण आहेच. चित्ता हा संस्कृत 'चित्रक'चा वंशज, म्हणजे ठिपक्यांचा. चितळ त्याच कुळातला. ठिपके दोघांनाही असल्याने नाव इकडून तिकडे सरकत राहिलं: बंगालीत 'चिताबाघ' म्हणजे चक्क बिबट्या. इंग्रजीने मात्र हिंदीतून 'चीता' उचलला आणि तो ज्याचा त्यालाच ठेवला. मराठीत फरक स्पष्ट ठेवायला हरकत नाही. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत ओघळलेल्या काळ्या रेषा. बिबट्याच्या अंगावर पोकळ, फुलासारख्या चकत्या, आणि रेषा नाहीत. उसात शिरतो, जुन्नर-नाशिककडे बातम्यांत असतो, तो बिबट्या.

चित्ता आपल्याला परका नव्हता. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि शब्द हळूहळू जाहिरातींत आणि शाळेच्या 'सर्वात वेगवान प्राणी'पुरता उरला. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, तेव्हा तो पुन्हा रोजच्या वर्तमानपत्रात आला. बेनिनच्या संघाने नाव बदललं ते याच वर्षी, हा निव्वळ योगायोग.

'बिबटे' का चालणार नाही याचा सगळ्यात ठोस पुरावा मात्र मोरोक्कोतल्या आफ्रिका चषकाने दिला, डिसेंबर २०२५ मध्ये. बेनिनच्या गटात होते सेनेगल, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि बोट्स्वाना. टोपणनावं अनुक्रमे: सिंह, बिबटे, झेब्रे. आणि बेनिन चित्ते. बिबट्याची जागा आधीच काँगोने अडवलेली आहे! बेनिनला 'बिबटे' म्हणणाऱ्याने २३ डिसेंबरच्या सामन्याचा मथळा कसा केला असता? 'बिबट्यांकडून बिबट्यांचा ०-१ पराभव'? गटाचे निकाल तर जीवशास्त्राच्या पुस्तकातून काढल्यासारखे लागले. सिंहांनी चित्त्यांना ३-० हरवलं, बिबट्यांनी १-० हरवलं, आणि चित्त्यांनी झेब्र्यांना १-० हरवलं. सिंह आणि बिबटे आपसात १-१ वर थांबले.

झेब्र्यांवरचा तो विजय, योहान रोशच्या गोलाचा, हा आफ्रिका चषकाच्या मुख्य फेरीतला बेनिनचा पहिला विजय. २००४ पासून मोजलं तर सोळाव्या सामन्यात. इथे 'हरवलं' हे क्रियापद कुठल्याही शंकेशिवाय वापरता येतं. पुढच्या फेरीत इजिप्तने जादा वेळेत ३-१ असं बाहेर काढलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाच्या पात्रता गटात शेवटच्या दिवसापर्यंत अव्वल राहून नायजेरियात ०-४ असा पराभव पदरी आला, आणि तिकीट दक्षिण आफ्रिकेला गेलं. त्या मोहिमेतले घरचे सामने कोतोनूत नव्हे, आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये खेळावे लागले होते. गेर्नोट रोर हे जर्मन वंशाचे प्रशिक्षक तेव्हा संघाबरोबर होते. त्यांनी पूर्वी नायजेरियालाही प्रशिक्षण दिलं होतं.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. एक, काळ. '२००४ मध्ये चित्त्यांनी पदार्पण केलं' हे '१९५५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं' म्हणण्यासारखं होईल. २०२२ च्या आधीच्या सामन्यांना खारी, नंतरच्यांना चित्ते. १९७५ पूर्वीच्या सामन्यांबद्दल लिहायची वेळ आली तर देशाचं नावही दाहोमे ठेवा.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. कुनोच्या बातम्यांपासून 'चित्तांनी', 'चित्तांचा' असं सर्रास दिसतं. घोडा-घोड्यांनी, तसं चित्ता-चित्त्यांनी. 'चित्तांनी' हे 'चित्त' या शब्दाचं रूप, म्हणजे मनांनी. जोडाक्षर लिहायला अवघड आहे हे मान्य, पण 'चित्तांनी झेब्र्यांना हरवलं' ही ध्यानधारणेच्या शिबिराची बातमी वाटेल, फुटबॉलची नाही.